गामोसा बांधलेली झाडं

चैत ८

ही वही नातीने, जिंतीने दिली. तिच्या कॉलेजातली जनावरं वाचवणारी मंडळी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना वह्या वाटत सुटली आहे. लिहायचं काय, तर केको-साप कधी ओरडला आणि कुठून ओरडला. मी म्हटलं, नवरा जिवंत होता तेव्हा तो कधी ओरडला ते मी लिहून ठेवलं नाही, आणि आता पालीचं लिहू? तर म्हणते, आइता, गावातल्या सगळ्या आज्यांमध्ये सरळ ओळीत लिहिणारी तूच. चौथीपर्यंत शिकल्याचं असं भोगावं लागतं.

बाहेरची माणसं वाचतील, नीट लिही, असंही बजावून गेली. तर नीट लिहिते. आइता म्हणजे आजी. केको-साप म्हणजे साप नाही. हातभर लांब पाल असते, निळसर राखाडी, अंगावर नारिंगी ठिपके. झाडाच्या ढोलीत राहते, नाहीतर कोठाराच्या छपरात. स्वतःचंच नाव घेऊन ओरडते म्हणून केको.

आज संध्याकाळी ओरडला. आमच्या कोठारातून. चैत लागला की दरवर्षी त्याला कंठ फुटतो.

बाकी घरात ओरडणारं कोणी नाही. तुलन, माझा एकुलता मुलगा, नावाडी, नदीवर पूल झाल्यापासून गप्प आहे. त्याची नाव काठावर पालथी पडली आणि तिच्या शेजारी तोही. मागच्या पावसात नदीने खालचं शेत नेलं, यंदा परसातल्या सुपारीपर्यंत येईल असं सगळे म्हणतात. तो दुपारभर काठावर बसतो. नदी जणू त्याला बघून लाजणार आहे. सून रूपही मागावर बसते, बिहूचा सण तोंडावर आला आहे. आणि जिंती. कॉलेजात गेलेली गावातली पहिली मुलगी. नामघरात, गावाच्या प्रार्थनाघरात, गेली की बायका सरकून जागा देतात तिला. हा एवढा मान आमच्या घरात शिल्लक आहे, बाकी सगळं नदीकडे.

चैत १२

नामघरासमोरच्या पटांगणात मंडळींचं नाटक झालं. त्यांची पुढारी मृगाक्षी म्हणून गुवाहाटीची मुलगी, सगळे तिला बाइदेउ, म्हणजे ताई म्हणतात. अंगावर मूठभर मांस नाही, पण आवाज असा की नदीपलीकडच्या गाईने मान वर करावी. जिंती केको-साप झाली होती. निळी चादर पांघरलेली, तिच्यावर शेंदराचे ठिपके. चादर खराब केली म्हणून रूपहीने दिवसभर तोंड वाकडं केलं, आणि नाटकात सगळ्यात जोरात टाळ्या तिनेच वाजवल्या.

नाटकात एक व्यापारी केको-साप पकडून परदेशी माणसाला औषध म्हणून विकतो, आणि तो माणूस औषध खाऊनही मरतो. मरणारा मुलगा फार छान मेला, लोकांनी त्याला दोनदा मरायला लावलं.

मग मृगाक्षीने समजावून सांगितलं. याला विष नसतं. घाबरायचं कारण नाही. चावला तर सोडत नाही एवढंच, पण त्याने माणूस मरत नाही. असे फार थोडे उरलेत, पकडणाऱ्याला जेल होते. सगळे माना डोलवत होते. तेवढ्यात शेजारची पुतली, जिला कुठे गप्प बसावं ते देवाने सांगितलंच नाही, तिने विचारलं, "बाइदेउ, पण विकतात तरी केवढ्याला?"

मुलगी प्रामाणिक. म्हणाली, लोक लाखांच्या गोष्टी करतात, पण ते खोटं आहे. फार वजनदार असला तर देतात म्हणे, पण तेवढ्या वजनाचा केको-साप जन्मालाच येत नाही. आजवर कोणाला एक लाख मिळाल्याचं कोणी पाहिलेलं नाही.

पटांगणात एकदम शांतता झाली. पोरगा मेला तेव्हासुद्धा एवढी नव्हती. मला वाटलं, चला, लोकांना पटलं.

तुलन शेवटपर्यंत थांबला. बाप म्हणून बरं वाटलं असेल. चटया गुंडाळायला मदत केली, मृगाक्षीला विचारत होता की तो काय खातो, वजन कितपत भरतं. कित्येक महिन्यांत त्याला एवढं बोलताना मी पाहिलं नव्हतं.

चैत १९

जिंतीची नवी टूम. बिहूला आपण थोरामोठ्यांना गामोसा, हातमागाचा लाल काठाचा पंचा, देतो, बिहुवान म्हणतो त्याला, मान म्हणून. तर मंडळी म्हणतात की ज्या ज्या झाडात केको-साप राहतो त्या झाडाला गामोसा बांधायचा. गावाने मान दिलेल्या झाडाला कोण कुऱ्हाड लावेल? मी म्हटलं, झाडाला गळा कुठे असतो गं? म्हणाली, खोडाला बांधू. म्हटलं, माझ्या हातचा गामोसा मी जावयाला देताना दहा वेळा विचार करते, तो पालीला देऊ? म्हणाली, आइता, तुला जावई नाहीच.

तोंड माझ्यावरच गेलंय.

मग विणायला बसले. पुतलीही बसली, रूपहीसुद्धा. लाल काठ, दोन्ही टोकांना फुलं. लाल धागा कमी पडला तर पुतलीने स्वतःच्या घरचा आणून दिला. ती कोणाला सुई उसनी देत नाही.

कुठल्या झाडात आहे ते शोधायला तुलन पोरांबरोबर फिरतोय. नावाड्याला काठावरचं एकेक झाड माहीत. उन्हात लाल होऊन येतो, जेवतो दोन माणसांचं. लेकीसाठी करतोय. मी रूपहीला म्हटलं, बघ, माणूस हलला. ती म्हणाली, हो आई. तिला आनंदही पुरवून पुरवून वापरायची सवय आहे.

बोहाग १

बिहू आला, नवं वर्ष लागलं. काल गुरं न्हाली, आज माणसं नवी झाली. आणि झाडांनाही बिहुवान मिळालं. ढोल घेऊन सगळं गाव झाडाझाडाशी गेलं. आमचा गावबुढा, म्हणजे गावप्रमुख, होलीराम, ज्याची मान स्वतःच्या बायकोसमोर कधी वाकली नाही, त्याने पुतलीच्या परसातल्या जुन्या शिमलूसमोर, म्हणजे सावरीच्या झाडासमोर, हात जोडले. ज्याच्या वाडीतलं झाड त्याने म्हणायचं, हा आमच्या घरचा. पुतलीला म्हणताना रडू आलं. तिला मूलबाळ नाही. मी तिच्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर तिने मला आयुष्यभर माफ केलं नसतं.

उन्हात लाल काठ लांबूनसुद्धा दिसतात. बांधावर उभं राहिलं की गावात कुठे कुठे केको-साप आहे ते एका नजरेत कळतं. जिंती तिथे उभी राहून मोबाइलवर फोटो काढत होती आणि म्हणत होती, आइता, असं कुठल्याच गावाने केलेलं नाही.

नाहीच केलेलं.

बोहाग ७

पुतलीचं शिमलू तोडलं. सगळं नाही, ढोलीपाशी कुऱ्हाडीने खोक पाडली आहे आणि आत धूर केलेला. ती बहिणीकडे जेवायला गेली होती तेवढ्यात. गामोसा नव्हताच जागेवर. ढोलीत अंडी चिकटलेली असतात, ती फुटून ओघळलेली.

पुतली ओरडली नाही, हेच मला बरोबर वाटत नाही.

बोहाग ९

आणखी दोन झाडं. नामघराच्या मागचं जांभूळ आणि होलीरामच्या बांधावरचं. शेजारची जुनी झाडं सोडली आहेत, ज्यांना गामोसा होता तेवढीच फोडली. चोराला शोधावं लागलंच नाही. आम्ही ढोल वाजवून दाखवून आलो.

इतकी वर्षं विषारी म्हणून कोणी हात लावत नव्हतं, आणि दर काय असतो ते कोणाला ठाऊक नव्हतं. आमच्या पोरांनी भीती काढली आणि किंमत सांगितली. त्यांच्या मनात पाप नव्हतं. मृगाक्षी आली होती, फुटलेल्या ढोलीत हात घालून बसून राहिली. मी तिला चहा दिला, तो तिने गार केला.

उरलेल्या झाडांचे गामोसे जिंतीने स्वतः सोडून आणले. सोडायला उशीर झाला. ज्याला बघायचं होतं त्याने बघून घेतलं.

तुलनच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. नावेचा खिळा लागला म्हणाला. नाव सुलटी करून डांबर लावतोय, पुन्हा मासे धरणार. जुन्या जाळ्याच्या कडेची शिशाची वजनं काढत बसला होता. जाळं नवं करणार असेल. एकीकडे पोर रडतेय आणि दुसरीकडे पोरगा कामाला लागलाय, माणसाने कुठल्या डोळ्याने काय बघावं.

आमच्या कोठारातला हल्ली ओरडत नाही. कोठारात उंदरांचं औषध टाकलंय म्हणून तुलनने कुलूप घातलं आहे, त्यानेच तोही गेला असेल.

बोहाग ११

जिंतीला काहीतरी झालंय. काल दुपारी ती कोठारातून आली आणि विहिरीच्या कठड्यावर ओकली. मी म्हटलं, बापाने औषध टाकलंय, कशाला गेलीस? कुलूप होतं ना? म्हणाली, उघडं होतं. एवढंच. एरवी देउता, देउता करत बापाला चिकटणारी, आज बापाच्या पानाशेजारी बसली नाही, आईबरोबर मागून जेवली. जेवली म्हणजे भात चिवडला.

मला वाटतं मंडळीतल्या एखाद्या मुलाचं काहीतरी असावं. नाटकात मरणारा तो मुलगा दोनदा घरी येऊन गेला आहे. विचारलं तर म्हणते, आइता, तुला सगळीकडे लग्नंच दिसतात.

वहीत काही लिहू नकोस आता, असंही म्हणाली. का, तर उगाच. उगाच म्हणजे काय? मी तिच्यासाठी लिहीत होते, आता माझ्यासाठी लिहीन.

बोहाग १३

पुतली आली, बसली नाही. उभ्यानेच सांगितलं की बाहेरचा एक माणूस मोटारसायकलवरून आला होता, तिला विचारत होता जिंतीच्या बापाचं घर कुठलं. मी म्हटलं, स्थळ घेऊन आला असेल. पुतली म्हणाली, "माखनी, स्थळ बघायला माणूस तोंडाला फडकं बांधून येत नाही."

बोहाग १४

आज नामघरासमोर गाव बसलं. सगळ्यांच्या तोंडी एकच. मंडळी येण्याआधी गावातला एकही केको-साप हलला नव्हता. मंडळींना गावात आणलं जिंतीने. झाडं दाखवली तिने, फोटो काढले तिने, आणि बाहेरचा माणूस पत्ता विचारतो तोही तिच्याच घराचा. होलीराम दुष्ट माणूस नाही. त्याने तिला तीनतीनदा विचारलं, पोरी, कोणाला सांगितलंस ते बोल, नाव सांग, आम्ही तुला काही करणार नाही.

ती जमिनीकडे बघत राहिली. मृगाक्षी मध्ये पडली, चूक आमची सगळ्यांची आहे, मी उद्याच वनखात्यात जाऊन तक्रार देते, ते येऊन घरं तपासतील. तर जिंतीने सगळ्यांसमोर तिचा हात धरला आणि म्हणाली, नको बाइदेउ, तुमच्या पाया पडते, नको.

मग काय. निम्मं गाव हसलं आणि निम्मं थुंकलं.

होलीरामने येत्या रविवारपर्यंत मुदत दिली. नाव सांगितलं नाही तर घर वाळीत. आमच्या चुलीचा विस्तव कोणी नेणार नाही, आम्हाला कोणी देणार नाही. नामघरात पाय नाही. मी मेले तर खांदा द्यायला तुलन एकटा.

घरी येऊन मी जिंतीला गदागदा हलवलं. तोंडाला कुलूप. रूपही मध्ये आली, "आई, सोडा तिला. होईल ते होईल." मी म्हटलं, तू आई आहेस की दारातली चप्पल? ती रडली नाही, तिने फक्त जिंतीला आत नेलं आणि दार लावलं. सासूसमोर दार लावायची ही पहिलीच वेळ.

बोहाग १६

तामूल-पान, म्हणजे सुपारी आणि पान, घेऊन घरोघर गेले. या वयात. ज्यांच्या बाळंतपणाला मी रात्र रात्र जागले त्यांच्या दारात. म्हटलं, पोर खोटी नाही. कोणी बसायला दिलं, कोणी नाही. पान कोणी घेतलं नाही. पान घेतलं की शब्द घेतला असं होतं.

पुतलीकडे शेवटी गेले. ती शिमलूच्या खोकेत माती भरत होती. मी म्हटलं, तू तरी घे. तिने हात पदराला पुसले आणि पान न घेता म्हणाली, "घरात बघ आधी."

मी तिला जे बोलले ते इथे लिहीत नाही. ती ऐकून घेत होती, तेही मला आवडलं नाही.

घरी तुलन एकटा खुशीत. म्हणतो, आई, टाकू दे वाळीत. आपण इथे राहणारच नाही. बांधापलीकडे उंचावर जागा बघतोय, तिथे नदीचा बाप येणार नाही. मी म्हटलं, जागा काय उपटून आणणार? म्हणाला, होईल सोय. तू फक्त रविवारपर्यंत शांत राहा. मनाशी म्हटलं, सगळं घर खचलंय, हा एकटा उभा आहे. बापावर गेलाय.

जिंती कॉलेजातही जात नाही. मंडळींनी तिचं नाव काढलं की ठेवलं ते कळत नाही. ती विचारत नाही, ते सांगत नाहीत.

बोहाग १९

उद्या रविवार. शराईवर, आमच्या पायाच्या पितळी तबकात, तांदूळ आणि पान घेऊन गावापुढे गुडघे टेकायचे असं मी ठरवलं. पोरीच्या वतीने म्हातारीने माफी मागितली तर होलीरामला नाही म्हणणं जड जाईल. सुवासिक तांदूळ कोठारात. तुलन नदीवर अंघोळीला गेला होता, त्याचा सदरा दांडीवर, किल्ली सदऱ्यात.

कोठारात उंदरांच्या औषधाचा वास नव्हता. दुसराच होता.

तांदळाच्या कणगीमागे पिशव्या टांगलेल्या. गामोशांच्या. आम्ही विणलेले, पुतलीच्या लाल धाग्याचे. मधोमध दुमडून शिवलेले, तोंडाशी दोरी ओवलेली. शिलाई रूपहीची. दर थोड्या टाक्यांनी तिचा एक टाका ढिला पडतो, लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिला बोलत आलेय.

पहिली पिशवी हातात घेतली तर जड. एवढीशी पाल, आणि वजन कुलपाचं. उघडली. मेलेला होता. तोंड उघडं आणि घशात जाळ्याचं शिसं. पुढच्या पिशवीतही तेच. त्याच्या पुढच्यातही. सगळ्यात शेवटची तेवढी हलत होती.

मी कणगीला टेकून उभी राहिले. तुलन ओल्या अंगाने दारात आला.

"हात लावू नकोस, आई. चावेल."

मग तोच बोलू लागला. माणूस उद्या येणार. वजन भरलं तर घेणार म्हणाला.

"शिसं घालून वजन भरतोस?"

"पहिल्यांना जास्त झालं. याला थोडंच घातलंय."

औषधाचं प्रमाण सांगावं तसं सांगत होता. मी विचारलं, जिंतीने बघितलं ते हेच ना? तो दोरीची गाठ नीट करायला लागला. हो म्हणाला. तिला समजावलंय. नव्या जागेत तिला वेगळी खोली देणार आहे, चार दिवस तोंड उघडू नकोस म्हटलंय.

"आणि उद्या गाव तिला वाळीत टाकेल ते?"

"आपण इथे नसलोच तर कसलं वाळीत, आई? वाळीत टाकायला माणूस गावात लागतो."

हा माझा मुलगा. लहानपणी बदकाचं पिल्लू मेलं तर दोन दिवस जेवला नव्हता.

मी त्याला मारायला हात उचलला आणि त्याने मान खाली घातली, मारून घ्यायला. मग माझ्याने मारवेना. सांगितलं, उद्या तू स्वतः गावापुढे उभा राहायचं. मी शेजारी असेन. गुडघे टेक, सगळं सांग, पोरीला सोडव. जेल झाली तर डबा मी आणीन. तो माझ्या पायांवर पडला. जाईन म्हणाला. माझ्या पायांवर हात ठेवून म्हणाला.

रूपही स्वयंपाकघरात होती. मी तिला काहीच विचारलं नाही. ती म्हणाली, "मी तरी काय करणार होते, आई? नवऱ्याला धरून दिलं असतं तर तुम्हीच मला घराबाहेर काढलं असतं."

काढलं असतं. तिचं खरं आहे.

बोहाग २०

सकाळी नाव नव्हती. शेवटची पिशवीही नव्हती. तुलन उजाडायच्या आत गेला.

अंगण सारवलं. सारवताना विचार केला. गप्प बसले तर मुलगा सुटतो आणि पोर बुडते. बोलले तर उलट. दोघांना वाचवणारा तिसरा रस्ता सगळं अंगण सारवून झालं तरी सापडला नाही. मग अंघोळ केली.

शराई घेतली. पान ठेवलं नाही. मेलेल्यांच्या पिशव्या ठेवल्या आणि वर स्वच्छ फडकं घातलं. जिंती तोवर पुढे गेली होती, मला न सांगता. ती एकटी कशी गेली याचा मला राग आला होता. तिथे पोहोचले तेव्हा कळलं ती का गेली ते.

ती गावापुढे उभी होती आणि म्हणत होती, "मीच सांगितलं. त्या माणसाला मीच झाडं दाखवली. घरात कोणाला माहीत नाही. मला काय करायचं ते करा, घराला वाळीत टाकू नका."

मृगाक्षीने तोंडावर हात दाबले. पुतली मान हलवत होती, नाही नाही म्हणून. होलीराम खाली वाकला, त्याला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

पोरीने मला पाहिलं. शराईवरचं फडकं पाहिलं. तिला कळलं. धावत आली आणि माझा दंड धरला, एवढा जोरात की आत्ता लिहिताना निळं दिसतंय. "आइता, नको. आइता, देउता आहेत माझे ते."

मी शराई पायरीच्या खाली ठेवली, नामघराची पायरी बाटवली नाही. गुडघे टेकले. म्हटलं, ही खोटं बोलते. झाडं तुलनने फोडली. माझ्या तुलनने. आणि फडकं काढलं.

पुतली पुढे आली, तिने एक पिशवी हातात घेतली, तिचं वजन बघितलं आणि खाली बसली.

बोहाग २३

तुलनला खालच्या घाटावर धरलं. होलीरामने वनखात्याला कळवलं होतं. तो नावेत बसून त्या माणसाची वाट बघत होता. माणूस आलाच नाही. वनखात्याचा बाबू म्हणाला, असे कोणी येत नाहीत आजी, वजन कमी आहे म्हणतात आणि फोन बंद करतात. शेवटचा केको-सापही पिशवीत मेलेला होता.

गावाचा निकाल लागला. जिंती निर्दोष. तिला नामघरात यायला मोकळीक. घर मात्र वाळीत, तुलन सुटून येईल आणि गुडघे टेकेल तोवर. मंडळींनी पुन्हा गावात यायचं नाही. मृगाक्षी जाताना माझ्या पाया पडली. मी म्हटलं, पुढच्या गावात किंमत विचारली तर सांगू नकोस, खोटी आहे हेही सांगू नकोस. ती हो म्हणाली. तिला रडू येत होतं, मला तिची समजूत घालण्याएवढी ताकद नव्हती.

सकाळी चूल विझली. रूपही शेजारी विस्तव मागायला जायला उठली आणि मग पुन्हा बसली.

बोहाग २७

रूपही माझ्याशी कामापुरतं बोलते. जिंती तेवढंही नाही. मी वाढलं तर खात नाही, आईने वाढलं तर खाते. तुलनने जेलातून निरोप पाठवला आहे, मी भेटायला यायचं नाही. माझं नाव घेऊन. बायको आणि पोर आली तर चालेल म्हणाला.

नदीने काल परसातली पहिली सुपारी घेतली. आवाजही झाला नाही.

जेठ २

पुतली आली होती. दारातून जिंतीला हाक मारली. नामघरात आज बायकांचं नामकीर्तन आहे, तू चल, तुझ्यासाठी जागा ठेवली आहे. एकटीला. वाळीतल्या घराच्या उंबऱ्यापर्यंत यायचं म्हणजे पुतलीचीही हिंमतच. जिंती म्हणाली, "मी या घरातली आहे, पुतली आइता." पुतली गेली.

मग ती माझ्यासमोर येऊन बसली. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. नखं बघत म्हणाली, "आइता, तुझ्या जागी मी असते तर मी बोलले नसते."

"माहीत आहे," मी म्हटलं. "म्हणूनच मी बोलले."

तुलनचा डबा बांधायचा होता. मी भात काढायला उठले तर तिने माझ्या हातातून पळी घेतली आणि डबा स्वतः बांधला. मला हात लावू दिला नाही.